इंग्रजीत फुलस्टॉप इनव्हर्टेड कॉमाच्या आत द्यायचा की बाहेर?

तुम्ही विचारलंय की शिक्षक एक सांगतात, नेटवर दुसरंच दिसतं, मग खरं काय. दोन्ही खरं. अमेरिकन पद्धतीत फुलस्टॉप आणि कॉमा डोळे मिटून आत. ब्रिटिश पद्धतीत तो मूळ वाक्याचा असेल तर आत, तुमचा स्वतःचा असेल तर बाहेर. कोलन, सेमीकोलन दोन्हीकडे बाहेरच. आता यात डोळे मिटून आत हा प्रकार माझ्या डोक्यात जातो, त्याचं कारण सांगतो.

मी सॉफ्टवेअरची युजर मॅन्युअल्स एडिट करायचो. आमचे सिनिअर म्हणजे शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइलचे, म्हणजे अमेरिकन लेखन-संपादनाच्या नियमांच्या जाडजूड पुस्तकाचे भक्त, कुणी काही विचारलं की १९०६ पासून चालत आलंय म्हणायचे आणि विषय बंद. एका मॅन्युअलमध्ये वाक्य होतं, टाइप “रीसेट९”. मी फुलस्टॉप बाहेर ठेवलेला. साहेबांनी ट्रॅक चेंजेस (केलेले बदल दिसत राहतात ती वर्डमधली सोय) लावून तो आत ढकलला, “रीसेट९.” असा. मी बाजूला कॉमेंट टाकली, सर लोक टिंबासकट टाइप करतील हो. उत्तर आलं, रूल इज रूल. झालं, मॅन्युअल गेलं, लोकांनी इमानदारीत टिंबासकट टाइप केलं, पासवर्ड काही चालेना आणि सपोर्टवाल्या पोरांचे फोन वाजायला लागले. मीटिंगमध्ये साहेब काय म्हणाले असतील? युजर नीट वाचत नाहीत! अहो, नीट वाचलं म्हणूनच तर टिंब टाइप केलं ना त्यांनी.

आणि गंमत म्हणजे ज्या शिकागोच्या नावाने हे चाललं होतं त्याच्याच २००३ च्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलंय की कॉम्प्युटरच्या मजकुरात फुलस्टॉप आत घेतल्याने घोटाळा होणार असेल तर बाहेर ठेवा किंवा सरळ वेगळा फॉन्ट वापरा आणि कोट्स, म्हणजे इनव्हर्टेड कॉमा, काढूनच टाका. मी हे पान स्कॅन करून पाठवलं होतं. त्यावर आजतागायत उत्तर नाही.

तेव्हा माझं स्पष्ट मत, कमांड, पासवर्ड, फाइलचं नाव असलं काही कोट्समध्ये लिहूच नका, वेगळ्या फॉन्टमध्ये टाका. कोड तर वर्डमधून कॉपी करूच नका, वर्ड सरळ कोट्सचे आपोआप वाकडे करतं आणि मग प्रोग्रॅम एरर देतो, तासभर डोकं खाजवलं तरी चूक डोळ्याला दिसत नाही. आणि जोर द्यायला म्हणून कोट्स लावणारे वेगळेच, “फ्रेश” असं लिहिलं की वाचणाऱ्याला शिळं असल्याची शंका येते एवढं साधं कळत नाही लोकांना. साहेबांना हीपण सवय होती, “अर्जंट” लिहायचे मेलमध्ये.

सिंगल की डबल? अमेरिकेत बाहेर डबल, आतल्या कोटला सिंगल. ब्रिटिश पुस्तकांत बहुतेक उलटं, पण तिकडची वर्तमानपत्रं डबल वापरताना दिसतात, त्यामुळे त्यावरून भांडू नका, एक धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. एकाच माणसाचं बोलणं दोन-तीन पॅराग्राफ चाललं तर प्रत्येक पॅराग्राफ कोटने उघडायचा, बंद मात्र शेवटच्याच्या शेवटी.

हां, कॉलेजचा पेपर किंवा जर्नल असेल तर माझं ऐकू नका, त्यांची स्टाइलशीट, म्हणजे लिहिण्याच्या नियमांची यादी, काय म्हणते ते मुकाट्याने करा, मार्क त्यांच्या हातात असतात. आणि गोष्टीतल्या संवादात, “आय ॲम टायर्ड,” शी सेड, इथे कॉमा ब्रिटिश लोकही आतच देतात, तिथे वाद नाही. प्रश्नचिन्ह राहिलंच की, ते दोन्ही पद्धतींत अर्थावर जातं, डिड ही से “आय ॲम लेट”? मध्ये बाहेर, ही आस्क्ड, “ॲम आय लेट?” मध्ये आत, आणि त्यापुढे परत फुलस्टॉप देत बसायचं नाही.