तलाव भरलाय, मग बदकं कुठं?

प्रश्न : गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर दिवाळीआधी तीनदा जाऊन आलो. पाणी तुडुंब, पण लांबवर चार-दोन मळकट बदकं, तीही पुस्तकातल्या चित्रांशी जुळेनात. कुठं चुकतंय?
(एक वाचक, अर्जुनी मोरगाव तालुका)

उत्तर : तलाव तुडुंब आहे हीच अडचण. तुतवारांना, म्हणजे चिखलात चरणाऱ्या लहान पक्ष्यांना, ओला गाळ आणि बोटभर पाणी लागतं. थापट्या, चक्रांग ही बदकं बुडी मारत नाहीत. डोकं खाली, शेपटी वर करून मान पोहोचेल तेवढंच चरतात. त्यामुळे आधी लहान बोड्या (छोटी तळी) पाहा, आणि तलावाला नाला मिळतो तो उथळ कोपरा. हलका (लवकर येणारा) धान कापून झालेल्या ओल्या बांध्यांत धोबी पक्षी आणि तुतवार हमखास. बदकांची खरी गर्दी पाणी ओसरल्यावर, डिसेंबर-जानेवारीत.

चित्रांशी न जुळण्याचं कारण वेगळं. पुस्तकात नर विणीच्या पिसाऱ्यात असतात. ऑक्टोबरात तेच मादीसारखे मळकट दिसतात. रंग सोडा, ठेवण बघा. फावड्यासारखी चोच : थापट्या. लांब सडपातळ मान, निमुळती शेपटी : तलवार बदक. लहानखुरं, उडताना पंखावर हिरवी चकाकी : चक्रांग. डोळ्यावर फिकट पट्टा असलेलं भुवई बदक सगळ्यांच्या आधी येतं. अडई आणि हळदी-कुंकू मात्र इथलीच, त्यांना हिवाळी पाहुण्यांत धरू नका.

सकाळी पूर्वेच्या काठावर बसा, म्हणजे ऊन पाठीशी राहतं. पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) माथ्यावरून चालू नका. आभाळावर माणूस उठून दिसतो आणि थवा उठतो. उतारावर, बेशरमाच्या आडोशाला बसलेलं बरं. ऊन चढलं की पाण्यावरची हवा लहरते, मग महागडी दुर्बीणही कामाची नाही.

दुर्बीण ८×४२ (८ पट, ४२ मिमी भिंग) पुरे. १० पटीची हातात जास्त थरथरते. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करा, मग डावा मिटून उजव्या नळीवरचं कडं फिरवा. हे न केल्यानेच पुष्कळांचं डोकं दुखतं. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप खाली दुमडा.

प्रश्न : स्कॉटलंडच्या बेटांवर म्हणे वारा बघून पक्षी शोधतात. आपल्याकडे चालेल का?

उत्तर : फेअर आयल हे ऑर्कनी आणि शेटलंड या बेटसमूहांच्यामधलं जवळपास झाडं नसलेलं बेट, तिथं १९४८पासून पक्षी-निरीक्षण केंद्र आहे. शरदात पूर्वेचा वारा आणि रिमझिम असली की समुद्रावर भरकटलेले पक्षी तिथं उतरतात, आणि लोक दगडी कुंपणं, चर, पिकाचे तुकडे धुंडाळतात. आपल्याकडे उतरायला जागा हवी तेवढी, म्हणून वाऱ्यापेक्षा पाणी बघा. उथळ काठाला बांबू रोवा, वीत-वीत अंतरावर खुणा करा आणि दर खेपेला पक्ष्यांच्या आकड्याशेजारी पाणी कितव्या खुणेवर आहे तेही लिहा.