घरी हॉटेलसारखा पनीर बटर मसाला: आधी एवढंच सांभाळा

ग्रेव्ही आंबट होत असेल तर त्यात मसाल्याचा दोष नाही, टोमॅटो कच्चा राहतोय. चौघांसाठी अर्धा किलो लालबुंद टोमॅटो, एक मध्यम कांदा, 15-20 काजू, बिया काढलेल्या 4 काश्मिरी मिरच्या, इंचभर आलं, 6-7 लसूण पाकळ्या, 2 वेलदोडे आणि वाटीभर पाणी झाकण ठेवून 20 मिनिटं शिजवा. गार झाल्यावर गंधासारखं वाटा आणि गाळा. गाळायचा कंटाळा सगळेच करतात आणि मग ग्रेव्ही रवाळ का लागते म्हणून विचारतात!

कढईत 2 मोठे चमचे बटर आणि चमचाभर तेल घ्या. नुसतं बटर लवकर करपतं. मंद आचेवर चमचाभर काश्मिरी तिखट टाकून लगेच वाटण ओता. कडेने तेल सुटेपर्यंत, साधारण 10 मिनिटं, परतत राहा. मीठ आणि अर्धा चमचा साखर घाला. पाणी लागलंच तर गरमच.

नेहमीच्या चुका:

- हळद घालणं. रंग पिवळट होतो.
- पनीर तळणं. चिवट होतं. कोमट मीठपाण्यात 10 मिनिटं ठेवा आणि शेवटची 2-3 मिनिटंच ग्रेव्हीत शिजवा.
- उकळत्या ग्रेव्हीत क्रीम ओतणं. फाटू शकतं. गॅस बंद करून 2 मोठे चमचे घाला.
- गरम मसाल्याचा मारा. पाव चमचा पुरे.

कसुरी मेथी मात्र विसरू नका: किंचित शेकून, चुरडून, एक छोटा चमचा. कोळशाचा धुंगार (धुराचा वास देणं) वगैरे नंतर बघू.