गच्चीच्या कोब्यावर लाकडी डेक करायचा आहे. खालचा सांगाडा स्लॅबला ड्रिल मारून पक्का करावा का?

नका करू. गच्चीला भोकं पाडू नका, एवढं तरी माझं ऐका. वॉटरप्रूफिंग एकदा फुटलं की पाणी कुठून शिरतंय ते सापडत नाही आणि खालच्या खोलीचं छत ओल धरतं. रिपा, म्हणजे फळ्यांखालच्या लांब लाकडी पट्ट्या, त्यांच्या मधल्या जागेत आडवे तुकडे मारून एकमेकींना जोडल्या की सांगाडा स्वतःच्या वजनानेच बसतो.

चिपळूणच्या घरी मी पहिला डेक केला तेव्हा रिपा उताराला आडव्या टाकल्या होत्या. गणपतीत एक फळी उचलून पाहिली, तर प्रत्येक रिपेमागे पाणी अडलेलं, काळी बुळबुळीत माती साचलेली. रिपेच्या खालच्या अंगाला अंगठ्याचं नख सहज रुतलं. सगळं उकलावं लागलं.

म्हणून आधी बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे धावतं ते बघा. रिपा त्याच दिशेने, फळ्या त्यांच्यावर आडव्या. गच्चीला साधारण १०० ला १ उतार असतो, म्हणजे १० फुटांत सव्वा इंच. डेक पाणसळीत, म्हणजे अगदी सपाट आणायच्या नादात पाचरी ठोकत बसू नका. एवढा उतार पायाला कळतही नाही, आणि फळ्यांवरचं पाणीही निघून जातं.

रिपांखाली दर दीड फुटावर जाड रबराचे तुकडे द्या. लाकूड कोब्याला टेकताच कामा नये. दोन रिपांमध्ये १६ इंच, फळी पातळ असेल तर १२. फळ्यांमध्ये दोन सूत, म्हणजे पाव इंच फट ठेवा. साग घेतलात तर गाभ्याचाच घ्या, कडेच्या पांढरट भागाला वाळवी आधी लागते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, समुद्र जवळ असेल तर ३१६ ग्रेडचे. साध्या लोखंडाभोवती सागावर काळे डाग उठतात.

पाणी जायच्या जाळीवरचा तुकडा मात्र स्क्रूने जखडू नका. झाकणासारखा उचलता आला पाहिजे, पावसाळ्यात तिथला पाला सारखा काढावा लागतो.

आणि कठडा! डेकमुळे पाय चार-पाच इंच वर येतात, म्हणजे कठडा तेवढाच बुटका होतो. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे तो किमान १ मीटर हवा. उंची कोब्यापासून नको, फळीच्या वरून मोजा. घरात लहान मूल असेल तर लाकूड आणायच्या आधीच मोजा.