कायद्याचं इंग्रजी पाठ करू नकोस, आधी शब्द फोडून बघ

अरे, नुसते अर्थ घोकत बसलास तर महिन्याभरात सगळं विसरशील. १०६६ ला फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे कोर्टात फ्रेंच शिरली, म्हणून हे शब्द असे परके वाटतात. मॉर्गेज, म्हणजे गहाण, हा शब्द घे, जुन्या फ्रेंचमधे मॉर म्हणजे मेलेलं, गेज म्हणजे तारण, आणि जुने वकील सांगायचे की कर्ज फिटलं तर सावकाराच्या दृष्टीने तारण मेलं, नाही फिटलं तर जमीन कर्जदाराला मेली. किती नेमकं आहे बघ! पॅरोल म्हणजे तर फ्रेंचमधे चक्क शब्द, परत येतो असा कैद्याने दिलेला, आपणही शब्द दिला असंच म्हणतो ना. आणि नुसत्या आवाजाच्या साम्यावरून मूळ ठरवू नकोस, चांगली एटिमॉलॉजीची, म्हणजे शब्दांचं मूळ सांगणारी, डिक्शनरी उघड, रोज दोनच शब्द बघ.