उजव्या पायाच्या मुलाला

पत्र: "मावशी, मी १७ वर्षांचा, अकरावीत आहे. गाव वेंगुर्ला तालुक्यात, समुद्राला लागून. आमची सात जणांची फुटबॉल टीम आहे. ज्याच्या नावावर आमची टीम ओळखली जाते, त्या दादाच्या गुडघ्याचं लिगामेंट डिसेंबरात तुटलं. गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. हा सीझन तो खेळणार नाही. सरांनी त्याच्या जागी मला घेतलं. त्याआधी मी बदली म्हणून शेवटची दहा मिनिटं उजवीकडून खेळायचो. आता तीन मॅच झाल्या, माझा एकही गोल नाही. चेंडू माझ्याकडून गेला की बाहेरून ओरडतात, 'दादा असतो तर ह्यो गोल झालो असतो!' सर म्हणतात, तू तुझं खेळ, पण ते मला धीर द्यायला म्हणतात हे कळतं. बाबा किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढून येतात, जेवतात, काही बोलत नाहीत. मॅचच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, पोटात गोळा येतो. (दादा लेफ्टी आहे, म्हणून आता मी पण सगळं डाव्यानेच मारतो, अजून तितकंसं जमत नाही.) जांघेतही थोडं दुखतं. पुढच्या महिन्यात फायनल आहे. समोरची टीम तेरेखोल नदीपलीकडची, तगडी आहे. हे प्रेशर कसं घ्यायचं? की टीमच सोडून देऊ?"

झिला,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना ते ओरडणारे लोक डोळ्यांसमोर आले आणि तुझ्यासाठी जीव तुटला. दुसऱ्यांदा वाचताना त्या कंसापाशी थांबले, आणि खरं सांगते, मला राग आला. तुझाच.

लहानपणापासून ज्या पायाने चेंडू मारलास तो पाय तू बाजूला ठेवलास. तोही कधी, तर आयुष्यातल्या पहिल्या मोठ्या मॅचेस समोर असताना. आणि ही गोष्ट तुला इतकी किरकोळ वाटली, की ती कंसात टाकून तू पुढे गेलास.

कोणी सांगितलं तुला डाव्याने मारायला? मी पत्रात शोधलं. सरांनी सांगितलेलं नाही. दादाने सांगितलं असतं तर तू ते पहिल्या ओळीत लिहिलं असतंस. बाहेरचे ओरडतात ते गोल हुकला म्हणून. कुठल्या पायाने मार हे त्यांनी तुला कधी सांगितलं? हे तुझं तू ठरवलंस, कुणाला न विचारता.

का ठरवलंस तेही मला कळतं. कधीतरी एक चेंडू डाव्या पायावरून सणसणत जाळ्यात जाईल आणि बाहेरून कुणीतरी ओरडेल, "अगदी दादासारखो!" ती आरोळी तुला ऐकायची आहे. रात्री झोप लागत नाही तेव्हा तू तीच ऐकत पडलेला असतोस, असं मला वाटतं. सतराव्या वर्षी असं वाटण्यात लाज नाही. पण तो गोल झालाच समज. आरोळीत नाव कुणाचं आहे, सांग बघू?

सर म्हणतात, तू तुझं खेळ. तू त्याला धीर समजलास. अरे, ती सूचना आहे! बाकावर आणखी मुलं होती. त्यांतून तुला उचललं ते शेवटच्या दहा मिनिटांत तू उजवीकडून काय करतोस ते बघून. त्यांनी उजव्या पायाचा मुलगा मैदानात पाठवला आणि तू त्यांना कच्च्या डाव्या पायाचा मुलगा दिलास. मी सरांच्या जागी असते तर मलाही कोड्यात पडल्यासारखं झालं असतं.

आमचं घर मैदानाला लागून होतं आणि तीन भाऊ खेळायचे, म्हणून एवढं सांगू शकते. डाव्या पायाचा फॉरवर्ड डावीकडून रेषेलगत पळतो आणि त्याच पायाने चेंडू आत देतो. त्याच्या अंगाला ते सरळ आहे. तुझ्या अंगाला ते उलटं. चेंडू थांबवायला तुला एक स्पर्श जास्त लागतो, वळायला अर्धा क्षण जास्त लागतो, आणि तेवढ्यात समोरचा बॅक अंगावर आलेला असतो. त्यातून तुम्ही खेळणार भात कापलेल्या मळ्यात. तिथे चेंडू कधी कुठे उसळेल त्याचा नेम नाही. पक्का पाय गडबडतो तिथे, कच्च्याचं काय होणार? तीन मॅचमध्ये गोल झाला नाही याचं मला काहीच आश्चर्य वाटत नाही.

१९६६ च्या वर्ल्ड कपची गोष्ट तुला माहीत असायला हवी. इंग्लंडचा हुकमी फॉरवर्ड होता जिमी ग्रीव्ह्ज. फ्रान्सविरुद्धच्या मॅचमध्ये त्याची नडगी फाटली, १४ टाके पडले. क्वार्टर फायनलला त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला. तो देशासाठी पहिली मॅच खेळला होता त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, इतका नवा. ग्रीव्ह्ज म्हणजे चेंडू पायाला चिकटवून चार जणांमधून सुळकन निसटणारा. हर्स्ट दणकट अंगाचा, हवेतून आलेल्या चेंडूवर झेपावणारा. ग्रीव्ह्जसारखं निसटायला गेला असता तर कुठल्यातरी बॅकच्या पायात अडकून पडला असता. त्याने तसं केलं नाही. अर्जेंटिनाविरुद्ध मॅचमधला एकुलता एक गोल त्याने डोक्याने केला. फायनलला पश्चिम जर्मनीवर ४-२, त्यातले ३ गोल त्याचे. पहिला डोक्याने, दुसरा उजव्या पायाने, तिसरा डाव्या पायाने. हो, डाव्या पायाने. १२० वं मिनिट चालू होतं, समोर मैदान मोकळं होतं, धावता धावता चेंडू डाव्या पायावर बसला आणि त्याने मारला. तसा बसला तर तूही मार. पुरुषांच्या वर्ल्ड कप फायनलमध्ये ३ गोल करणारा दुसरा खेळाडू दिसायला मग थेट २०२२ उजाडलं.

बाहेरचे ओरडतात त्याचं तुझ्याकडे औषध नाही, माझ्याकडेही नाही. २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये कोलंबियाविरुद्ध ब्राझीलच्या नेमारच्या पाठीच्या मणक्याला फ्रॅक्चर झालं. चार दिवसांनी जर्मनीविरुद्ध सेमीफायनल, ब्राझीलच्या स्वतःच्या देशात. राष्ट्रगीत चालू असताना त्याच्या साथीदारांनी नेमारची १० नंबरची जर्सी हातात धरली होती. त्याच रांगेत बर्नार्ड उभा होता, नेमारच्या जागी घेतलेला, २१ वर्षांचा, आणि मॅच होती त्याच्याच शहरात. जर्मनी ७-१ ने जिंकली. हरण्याची कारणं बरीच होती, कर्णधारही बंदीमुळे बाहेर होता. पण मला राहून राहून त्या रांगेतल्या पोराची आठवण येते. जो मैदानात नाही त्याच्याकडेच सगळे बघत होते. तुमच्या गावातही तेच चाललंय. दादा बरा होऊन येईपर्यंत चालणार. तेवढं सोसावं लागेल तुला.

दादाबद्दल मी इथे हळहळणार नाही. त्याच्या गुडघ्याकडे बघायला डॉक्टर आहेत आणि त्याच्यासाठी सगळा गाव हळहळतो आहे. तुझ्या उजव्या पायासाठी हळहळणारी मी एकटीच दिसते.

लहानपणी आमच्या जत्रेत दशावतार रात्रभर चालायचा. मी बारा-तेरा वर्षांची असेन. त्या मंडळींचा राजा करणारा नट असा होता, की त्याची तलवार बघायला शेजारच्या गावांतून माणसं चालत यायची. त्या वर्षी त्याला ताप भरला आणि नेहमी ऋषीची कामं करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर मुकुट चढला. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात, हे तुला मी काय सांगणार. कथा ठरलेली, बोलायचं ज्याचं त्याने. तर हा माणूस पहिला अर्धा तास त्या आजारी नटाचीच लकब घेऊन बोलत राहिला. तसंच मान उडवणं, तसंच शब्द तोडणं. लोक उठून खाज्याच्या दुकानांकडे निघाले. पखवाजवाल्यालाही थाप कुठे द्यावी ते कळेना. मग राजाचा मुलगा रणात पडल्याचा प्रसंग आला आणि तिथे ती उसनी लकब त्याला पुरेना. तो थांबला. तलवार खाली ठेवली आणि हळू आवाजात बोलायला लागला, ऋषीचं काम करताना बोलायचा तसा. माझी आजी गोणपाटावर पेंगत होती. ती सरळ होऊन बसली आणि म्हणाली, "आता बोललो बघ तो." रात्रभर त्याने ती तलवार पुन्हा फारशी उचलली नाही. कुणी मागितलीही नाही.

जांघेतलं दुखणंही तू जाता जाता लिहिलंस. किक मारताना पाय आत खेचणारे स्नायू तिथेच असतात. सवय नसलेल्या पायाने रोज शंभर-शंभर चेंडू मारत असशील तर ते कुरकुरणारच. सरांना सांग, डॉक्टरला दाखव, ते म्हणतील तितके दिवस थांब. हे लपवून फायनलला उतरलास तर बांबोळीची पुढची फेरी तुझी असेल. ती वेळ तुझ्या आईवर आणू नकोस.

आणि बाबा. पहाटेपासून रापणीचा दोर ओढून आलेला माणूस ताटावर बसून बोलत नाही. ते मौन तुझ्या गोलांशी जोडू नकोस. तू मैदानात जायच्या आधीही ते जेवताना बोलत नसणार, आठवून बघ.

आता काय करायचं ते सांगते, आणि एकच सांगते. हे वाचशील त्याच संध्याकाळी, सराव सुरू व्हायच्या आधी सरांना गाठ आणि म्हण, "सर, मी उजव्या पायाचा आहे. मला उजवीकडून खेळवा." एवढंच. पुढे "चालेल का" जोडू नकोस. टीमच्या सोयीसाठी त्यांनी तुला डावीकडेच ठेवलं तर तिथे राहा, पण रेषेकडे पळू नकोस. आत वळ आणि उजव्याने मार. बाकीच्या सहा जणांना दादाला चेंडू द्यायची सवय आहे. त्यांना सांग की तुला चेंडू कुठे हवाय. त्यांना ते माहीत नाही, कारण तू अजून सांगितलेलंच नाहीस. डावा पाय सुधारायचा असेल तर फायनलनंतर पाऊस पडेपर्यंत भिंतीवर चेंडू मारून सुधार. त्याला माझी ना नाही. फायनलपर्यंत नको.

टीम सोडू का, असं विचारतोस. अरे, तीन मॅच तू दादा होऊन खेळलास. तू स्वतः अजून त्या टीमकडून उतरलाच नाहीस. सोडणार काय?

फायनलला पहिला चेंडू बहुतेक डाव्या पायाकडेच येईल, कारण पास देणाऱ्याचा पाय अजून जुन्या सवयीने चालेल. तो उजव्यावर घे. अर्धा क्षण जाईल, बाहेरून कुणीतरी ओरडेल. ओरडू दे. आणि मॅच झाली की मला पत्र लिही. स्कोअर शेवटी लिहिलास तरी चालेल, पण कुठल्या पायाने खेळलास ते पहिल्या ओळीत लिही, कंसाशिवाय.

तुझी मावशी