विडी, पान, वडापाव

प्रिय बाळ,

प्रात्यक्षिकासाठी 'प्रौढ निरक्षरता' हा विषय वाट्याला आला म्हणून तू वैतागलीस, असं तुझ्या आईकडून कळलं. इंटरनेटवरून चार पानं उतरवून, वर प्लॅस्टिकचं कव्हर चढवून दिलीस तरी गुण मिळतील. आम्ही शिकवणारेच देतो. पण सोलापुरात बी.एड. करतेस आणि दोन गल्ल्या पलीकडे दारोदार बायका सुपं घेऊन विड्या वळत बसलेल्या असतात, तर आधी तिथं जाऊन ये.

मी नुकती कॉलेजात शिकवायला लागले होते तेव्हा अशाच एका वस्तीत संध्याकाळचा वर्ग घ्यायची. पाठ टाचण अगदी चोख. पहिलाच पाठ, 'अ अननसाचा'. घरी तेलुगू बोलणारी एक अक्का हात न थांबवता म्हणाली, "टीचर, अननस कधी घरात आलाच नाही." सगळ्या हसल्या. त्याच अक्का पंचवीस-पंचवीसच्या जुड्या करत, चाळीस झाल्या की हजार, असा हिशेब तोंडी ठेवायच्या. मजुरीच्या कार्डावर मात्र काय लिहिलंय ते शेजारच्या पोराला विचारायच्या.

दुसऱ्या दिवशी मी कार्डच मागितलं. त्यावरच्या 'विडी' आणि 'पान' या दोन शब्दांत व, ड, प, न मिळतात, 'पा'मधला काना मिळतो. जुळवून बघ, 'वडापाव' होतो! तो त्यांनीच शोधला, मी नाही. ब्राझीलमध्ये शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरे यांनी १९६३ साली अंजिकोस या गावी मजुरांना त्यांच्या रोजच्या कामातल्या शब्दांवरूनच शिकवलं होतं. ते मला फार उशिरा वाचायला मिळालं.

तुमच्या दोन वर्षांत वीस आठवडे आंतरवासिता, म्हणजे शाळेतला प्रत्यक्ष सराव, असते, पण सगळी शाळेतल्या मुलांसोबत. प्रौढ माणूस समोर बसवून शिकवायची वेळच येत नाही. म्हणून बाईंना सांग, गटाने अहवाल नको. प्रत्येकीला एकच शिकणारी द्या, अख्ख्या सत्रासाठी. केंद्र सरकारच्या 'उल्लास' या साक्षरता कार्यक्रमात (२०२२ ते २०२७) पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांना शिकवायला स्वयंसेवक लागतातच. शेवटची चाचणी १५० गुणांची: वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी पन्नास. आपल्या अक्कांचा संख्याज्ञानाचा भाग निम्मा झालेलाच असतो, फक्त कागदावर उतरवायचा राहिलेला.

निरीक्षण वहीत 'गैरहजर' एवढंच लिहू नकोस, कारण लिही. नळाला पाणी येण्याच्या दिवशी वर्ग रिकामा असतो. तो दिवस आधी विचारून घे, मग वेळापत्रक कर. आणि लहान मुलांना म्हणतो तसं "शाब्बास" म्हणू नकोस, त्यांच्या मनाला ते लागतं. "अक्का, पुढचं वाचा," एवढं पुरे.

रविवारी आलीस तर माझी जुनी वही घेऊन जा. अननसाचं पान तेवढं फाडलेलं आहे.

तुझी,
मावशी