चोरदरवाज्यातला ‘चोर’

रायगडावरची चोरदिंडी पाहून आलेल्या एका वाचकाने विचारलं आहे: गडावर चोरांसाठी दार कशाला ठेवलं असेल? आणि पाठलाग चुकवून लपायच्या जागेला मराठीत नेमका शब्द कोणता?

इथला ‘चोर’ चोरी करणारा नव्हे. चोर म्हणजे झाकलेलं, सहज नजरेला न पडणारं. चोरखिसा, चोरकप्पा, चोरवाट ही त्याच घरातली भावंडं. मुळात ‘चोरणे’ या क्रियापदालाच ही छटा आहे. दाटीत आपण अंग चोरून बसतो, ओशाळलेला माणूस नजर चोरतो, आणि गाय वासरासाठी पान्हा चोरते. यांत कुणी दुसऱ्याचं काही उचलत नाही, आपलंच काहीतरी आत ओढून राखून ठेवतं. गाईचं उदाहरण मला फार आवडतं; तटानेही आपलं एक दार असंच पोटाशी राखलेलं असतं.

‘दिंडी’ म्हणजे लहान दार. रायगडाची चोरदिंडी महादरवाज्याकडून टकमक टोकाकडे जाणाऱ्या तटात आहे, बुरुजाच्या आतून पायऱ्या उतरून तिथे जायचं. मात्र १६८९ साली वेढ्यातून राजाराम महाराज निसटले ते वाघ दरवाज्याने. नावात चोर नाही, काम तेच. पन्हाळ्याच्या अंधारबावेतही खाली विहीर आणि मधल्या मजल्यावरून तटाबाहेर जायची चोरवाट आहे.

पण या झाल्या निसटायच्या वाटा. दडून राहायच्या जागेला ‘लपण’ म्हणावं, असं माझं मत. ‘अड्डा’ नको, तिथे टोळी जमते. ‘भूमिगत’ हे जागेचं नाव नाही, ते माणसाचं विशेषण आहे, आणि त्याचा आजचा अर्थ इंग्रजीवरून आला. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगत होते, पण ते काही जमिनीखाली राहत नव्हते. साताऱ्याकडच्या शेतांत, वस्त्यांवर, गावकऱ्यांच्या घरांत त्यांना आणि त्यांच्या साथीदारांना जागा मिळत गेली. अशा घराला मी ‘लपण’ही म्हणणार नाही. त्याला आपल्याकडे ‘आसरा’ म्हणतात, कारण त्या शब्दात लपणाऱ्याबरोबर दार उघडणाराही येतो, आणि पकडला गेला असता तर त्यालाही तुरुंगच होता.